गडग्याचा फोटो आणि परवाना

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या खुल्या कॉम्प्युटर-गेमची चित्रं फुकट वाटायची तर कलाकारांचं मंडळ टिकतं कसं, हे तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

खुल्या गेमचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. त्यातली चित्रंही तशीच मोकळी लागतात. नेटवर दिसलेलं चित्र मोकळं नसतं. परवाना लिहिलेला नसेल तर हक्क चित्रकाराचेच. म्हणून चित्र घेतानाच परवाना, नाव आणि लेयर्ससकट (म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर) मूळ फाइल मागायची. परवाने बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे 'सीसी'चे, तयार मसुदे असतात. सीसी-झीरोत सगळे हक्क सोडले. सीसी-बायमध्ये नाव द्यायचं. सीसी-बाय-एसएमध्ये बदललेलं चित्रही त्याच परवान्याने द्यायचं. 'धंद्यासाठी वापरू नये' ही अट कलाकारांना हवीशी वाटते, पण ती घातली की चित्र मोकळं राहत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगावं, मागाहून सांगितलं की माणूस दुखावतो.

सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या गेममधलं चित्र रंग बदलून आपलं म्हणून देणं. त्यावर आणखी चौघांनी काम केलेलं असलं तर त्यांचीही मेहनत फुकट जाते. मूळ फाइल मागितली की हे बहुधा तिथेच उघडं पडतं.

दुसरी अडचण मेळाची. दहा जणांची चित्रं सुरेख, पण एकत्र ठेवली की विजोड. २०१२च्या लिबरेटेड पिक्सेल कप या मोकळ्या गेम-चित्रांच्या स्पर्धेत ३२ बाय ३२ पिक्सेलचा चौकोन आणि बघण्याचा कोन आधी ठरवला, स्पर्धा नंतर. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

आता तुमचं काम. गेममधल्या भिंतीसाठी आपल्या चिऱ्याच्या गडग्याचा फोटो हवाय. चवथीपर्यंत तो शेवाळाने हिरवा होईल, म्हणून मृगाचे ढग भरले की लगेच काढा. ऊन नको, फ्लॅश नको: गेम आपला उजेड स्वतः टाकतो, फोटोतही सावली असली तर दोन सूर्य असल्यासारखं दिसतं. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहा, तिरकं झालं की चिऱ्यांच्या ओळी निमुळत्या होतात. एका वेगळ्या फोटोत फूटपट्टी ठेवा.

गेममध्ये एकच चौकोन शेजारीशेजारी लावून भिंत भरतात, म्हणून इथे मी २०४८ पिक्सेलचा चौकोन कापून अर्धा सरकवते. कडा मधोमध येतात, सांधा दिसतो, तो बुजवते. एखादा काळा चिरा राहिला तर भिंतभर तोच पुन्हापुन्हा डोळ्यात खुपतो. आई, तसा भाग तूच बघून टाळ.

फोटो ज्याने काढला, हक्क त्याचा. तेव्हा सोबत एक ओळ लिहा: 'फोटो मी काढला, सीसी-झीरोखाली देतो.' खाली नाव आणि तारीख.

तुमची लेक