बाळंतिणीच्या खाटेवर दोघे असतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 12 मे रोजी जागतिक परिचारिका दिनानिमित्त वृत्तपत्रांतून आम्हा परिचारिकांना सेवेच्या मूर्ती म्हटले जाते आणि उरलेल्या वर्षभरात सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर बाळंतिणींवर कशा खेकसतात याच्या तक्रारी छापून येतात. शासकीय सेवेतील माझ्या 33 वर्षांपैकी 19 वर्षे एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतीपश्चात कक्षात गेली, आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख सिस्टर म्हणून. त्या अनुभवावरून सांगते की तक्रारी पुष्कळशा खऱ्या आहेत. मीही खेकसले आहे. दूध येत नाही म्हणून रडणाऱ्या पहिलटकरणीला "नुसती रडत बसलीस तर कुठून येणार दूध?" असे मी एका रात्री बोलले होते आणि ते वाक्य आजही मला टोचते.

पण त्या रात्रीचा हिशेबही वाचकांपुढे ठेवला पाहिजे. कक्षात 30 खाटा होत्या आणि सगळ्या भरलेल्या होत्या. पाळीवर दोन सिस्टर आणि एक मावशी, म्हणजे कक्षातली मदतनीस. रात्री बाराच्या गणतीच्या वहीत आम्ही 30 हा आकडा लिहिला, कारण आईजवळ असलेले निरोगी बाळ आमच्या दप्तरी दाखल रुग्ण धरले जात नसे. त्याला नवजात शिशू कक्षात हलवले तरच त्याचा वेगळा केसपेपर निघे. प्रत्यक्षात मात्र त्या खोलीत साठ जीव होते. बाळाचा श्वास, अंगाची ऊब, नाळ, शी-शू, कावीळ हे सारे पाहायचे, आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा ते नीट छातीला लागते आहे की नाही हेही पाहायचे, हे काम कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसल्याने त्यासाठी माणूसही दिलेले नसते. मग जे काम वहीत नाही तेच आधी गळते, आणि बाळंतिणीजवळ दोन मिनिटे बसून बोलणे हे त्यातले सर्वांत पहिले.

हे बोलणे म्हणजे वरची शोभा आहे असे समजणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगते. प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय आकसले आहे की नाही हे पाहावे लागते, आणि त्यानंतरही पहिला दिवस धोक्याचाच असतो. एका बाईचे दोन पॅड भिजून चादरीवर रक्त आले, तरी ती गप्प पडून राहिली. पहाटे शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या सासूने हाक मारली म्हणून आम्हाला कळले. ती वाचली. का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "संध्याकाळी चादर खराब केली म्हणून मावशी ओरडल्या होत्या." तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलींना मी रक्तदाब मोजण्याबरोबर विचारपूस करायलाही शिकवू लागले, कारण घाबरलेली बाई लक्षण लपवते.

कागदोपत्री सरकारने काही कमी ठेवलेले नाही. 2011 च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, औषधे, आहार आणि वाहन मोफत केले. 2017 चा 'लक्ष्य' आणि 2019 चा 'सुमन' हे दोन्ही उपक्रम सन्मानपूर्वक वागणुकीची भाषा करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सुमारे 95 टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, आणि 2018-20 च्या नमुना नोंदणीत राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होते, म्हणजे केरळच्या खालोखाल. बायकांना घरातून रुग्णालयात आणण्याचे काम आपण केले. आल्यावर त्यांना काय मिळते, हा प्रश्न मात्र आपण पुरेसा विचारलेला नाही.

दुधाचेच घ्या. पहिले दोन-तीन दिवस चीक थेंबाथेंबानेच येतो आणि एवढ्याशा पोटाला तेवढा पुरतो, हे कोणी शांतपणे सांगितले तर निम्म्या बायकांची भीती तिथेच जाते. सांगायला कोणी नसले की आई, सासू, मावशी, शेजारीण अशा चौघींची चार मते तिच्यावर कोसळतात आणि दुपारपर्यंत पावडरचा डबा येतो. सिझेरियन झालेल्या बाईला पहिल्या दिवशी कुशीवरही वळता येत नाही; तिच्या पाठीशी उशी लावून, बाळ तिच्या बगलेत आडवे धरून, तोंड नीट उघडेपर्यंत थांबायला वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे पाळीत कुठून काढायची, याचे उत्तर मला 19 वर्षांत कोणत्याही बैठकीत मिळाले नाही.

आणखी एक अडचण वेळेची आहे. साध्या प्रसूतीनंतर 48 तासांनी घरी सोडले जाते आणि अनेक बाळंतिणींना रडू येते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे बाई आमच्या नजरेआड झाल्यावर. पुष्कळांचे हे रडू दोन आठवड्यांत आपोआप ओसरते, पण सगळ्यांचे ओसरत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला होता. घरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरीच्या नवजात सेवेचे जे काम उभे केले, त्याचा या योजनेमागे मोठा वाटा आहे. या भेटींत बाळाचे वजन आणि ताप पाहिले जाते. बाळंतिणीच्या मनाची चौकशी मात्र त्या त्या आशाताईच्या स्वभावावर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींत नैराश्य आणि चिंता यांची तपासणी स्पष्टपणे सांगितली आहे.

बाळाच्या बापाविषयी तर आपल्याकडे बोललेच जात नाही. 'पुरुषांना प्रवेश नाही' ही पाटी इतर बायकांच्या आडोशासाठी आवश्यक आहे, हे मी मान्य करते. पण तिच्यामागे आम्ही आमचा आळसही लपवला. एकदा मृत बाळ जन्मलेल्या एका बाईला आम्ही 14 नंबरच्या खाटेवर ठेवले होते आणि दोन्ही बाजूंना रडणारी, दूध पिणारी बाळे होती. तिसऱ्या दिवशी तिचीही छाती दुधाने भरून आली. असे होईल हे आमच्यापैकी कोणीही तिला आधी सांगितले नव्हते. तिचा नवरा दोन दिवस त्या पाटीखाली झबली-टोपड्यांची पिशवी हातात घेऊन उभा होता. ती पिशवी कुठे ठेवू, एवढेच त्याने मला विचारले. त्या दिवशी मी तिची खाट स्त्रीरोग कक्षाच्या कोपऱ्यात हलवली, पडदा ओढला, त्याला आत बोलावले, दूध पिळायचे नाही आणि गार फडके ठेवायचे हे दोघांना सांगितले. नियमाविरुद्ध वागल्याबद्दल मला तोंडी समज मिळाली. यात खर्च शून्य झाला होता, हे नोंदवून ठेवते.

म्हणून माझी मागणी परिचारिकांना हसतमुख राहण्याची आणखी एक कार्यशाळा द्यावी अशी नाही. अशा कार्यशाळांना मी पुष्कळ बसले आहे आणि त्यातला चहा बरा असतो. प्रसूतीपश्चात कक्षातील मनुष्यबळ ठरवताना आईबरोबर बाळही मोजावे. बाळ गमावलेल्या बाईसाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एक वेगळी खाट राखून ठेवावी. आडोशाची सोय करून दिवसातून एक ठरलेला तास वडिलांना द्यावा. आणि घरी सोडताना सही-अंगठा घेण्याआधी नवरा-बायको दोघांना समोर बसवून, रक्तस्राव वाढला, ताप आला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा रडू थांबेना तर कुठे यायचे, हे सांगण्याची वेळ पाळीच्या कामात धरावी.

येत्या 12 मे रोजी आमच्यावर लेख छापण्याआधी आपल्या वार्ताहर भगिनींपैकी एखादीने जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेऊन, कोणाचाही फोटो न काढता, रात्री बारानंतर अशा एका कक्षात तासभर उभे राहावे आणि खाटा, बाळे व सिस्टर असे तीन आकडे लिहून आणावेत. लेखात तेवढे तीनच आकडे छापले तरी चालतील.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिसेविका, परभणी