आमची पानगळ ऑक्टोबरात नसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जपानचे मेपल आणि काश्मीरचे चिनार यांवरचा लेख आवडीने वाचला. पण ‘शरद म्हणजे पानगळ’ हे वाक्य खटकलं. त्याच आठवड्यात माझ्या नातवाला शाळेतून ‘ऑटम’चा प्रकल्प मिळाला होता. गळालेली रंगीत पानं गोळा करून वहीत चिकटवायची. पोरगं तासभर कमाटीबागेत फिरलं. ऑक्टोबरात बडोद्याची झाडं पावसाळ्याचं पाणी पिऊन हिरवीगार असतात. शरदात आमच्या अंगणात सडा पडतो तो प्राजक्ताचा. शेवटी त्याने पिंपळाची हिरवी पानं तांबड्या रंगात बुडवून चिकटवली. मला फार वाईट वाटलं.

आमची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा पडला की झाडं पानं टाकतात. इकडच्या पानझडी झाडांना जमिनीतली ओल सरली की तेवढं पुरतं. रंग आपल्याकडेही असतात. जानेवारी-फेब्रुवारीत देशी बदामाचं एक पान उचलून बघा. टोकाकडून कुंकवासारखं लाल, शिरांच्या कडेने पिवळं, देठाशी अजून थोडं हिरवट. पान टाकण्याआधी झाड त्यातलं हिरवं द्रव्य मोडून कस परत खोडाकडे ओढून घेतं. पिवळा पानात आधीपासून असतोच, हिरवा गेल्यावर तो दिसू लागतो. लाल मात्र त्या अखेरच्या दिवसांतच नव्याने तयार होतो.

फुलांचंही तेच. होळीला केसूडा, म्हणजे पळस, फुलतो, असं आपण सगळे म्हणतो. इथे घरोघरी त्याची फुलं रात्रभर भिजवून रंगही करतात. पण होळी चंद्राची, पळस उन्हापाण्याचा. 2024 ला धुळवड 25 मार्चला होती, 2025 ला 14 मार्चला. पळस यंदा लवकर फुलला की उशिरा, हे तिथीवरून कळणार नाही. त्याला तारीखच लिहून ठेवायला हवी.

आमचे मामंजी तेवढं करत. परसातल्या बहाव्याचा पहिला घोस दिसला की कॅलेंडरच्या त्या चौकोनात पेन्सिलीने ‘ब’ लिहायचे. त्यांच्यामागे ते मी चालू ठेवलं. मध्ये एक वर्ष कोरं आहे. वायरींना लागतात म्हणून ऐन मार्चात माणसं येऊन फांद्या छाटून गेली, आणि त्या उन्हाळ्यात झाडाला एक घोस आला नाही. छाटणी करायचीच तर बहर उलटल्यावर करावी, एवढं तरी सांभाळता येईल.

एका झाडावरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही. त्यासाठी पुष्कळ झाडं आणि पुष्कळ वर्षं लागतात. जपानात क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या रोजनिश्यांतून थेट नवव्या शतकापर्यंत मागे जातात, म्हणूनच 2021 चा 26 मार्च हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा बहर, हे ठामपणे सांगता आलं. केरळात हाच बहावा एप्रिलमधल्या विषूच्या पूजेला लागतो. अलीकडे तो कितीतरी आधीच फुलून जातो, अशी तिकडे तक्रार आहे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात कुणालाही एक झाड निवडून दर आठवड्याला पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करता येते. शाळांनी हे करावं.

आपण रोज सूर्योदय-सूर्यास्त छापता. त्याखाली वाचकांनी कळवलेली एक ओळ द्याल का? ‘रावपुऱ्यात आज पहिला बहावा’, एवढीच. मामंजींची कॅलेंडरं मी जपून ठेवली आहेत. कुणा अभ्यासकाला हवी असल्यास घरी येऊन खुशाल उतरवून घ्यावीत. नातवाला सांगितलंय, तांबडी पानं फेब्रुवारीत गोळा करू. वहीतली दोन पानं त्याने कोरी ठेवली आहेत.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदे