निनादने ब्रश आणलाय, आता काय करू सांग

प्रिय सुध्या,

आम्ही सगळे बरे आहोत, माझी शुगर गोळ्यांवर आटोक्यात आहे, गुडघ्याचं विचारूच नकोस. आज लिहायला बसलो कारण एक गोष्ट झालीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "ब्रशच आहे ना, वापरा की!"

निनादने पहिल्या पगारातून मला शेव्हिंग ब्रश आणला रे. सिल्व्हरटिप बॅजर, म्हणजे बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा! पांढरी शुभ्र टोकं, जड मूठ, मखमली डबी. पोराने किंमत सांगितली नाही, पण बिल डबीतच राहिलं होतं. त्या पैशात माझ्या ओमेगा ब्रशसारखे आठ-दहा सहज आले असते.

बॅजर वाईट असतो असं मी म्हणतच नाही, पाणी मस्त धरतो, गालावर तर लोण्यासारखा फिरतो. पण आपल्या सोसायटीला बोअरवेलचं पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इतकं की साबणाचा अर्धा जीव पाण्याशी भांडण्यातच जातो, म्हणजे साबण जास्त घासून घ्यावा लागतो, आणि त्याला केसात दम हवा. हा बॅजर नुसता वडीवर लोळतो. क्रीम असेल तर ठीक, पण मी वडीवाला माणूस, तुला माहितीये.

आणि तो ओमेगा, इटलीतल्या बोलोन्याच्या कंपनीचा, १००४९ नंबरचा, डुकराच्या केसांचा! तू हॉलमध्ये मोठ्याने "डुकराचा" म्हणालास आणि आई देवघरातून उठून आली, त्यानंतर महिनाभर माझा डबा-तांब्या वेगळा होता. त्याचा वास आणि टोचणं बघून तू "फेकून दे" म्हणाला होतास आणि आपण अण्णांच्या टपरीवर त्यावरून भांडलो होतो. अरे, त्याला मुरू द्यावं लागतं. रोज कोमट पाण्यात दोन-चार मिनिटं भिजवायचा, वापरत राहायचं, मग केसांची टोकं दुभंगतात. परवा खिडकीत उजेडाला धरून बघितला, एकेका केसाच्या टोकाला बारीक फाटे फुटलेत. म्हणून तो टोकाशी मऊ आणि बुडाशी ताठ झालाय, साबण असा उचलतो की वाटी फेसाने भरते. पोर्तुगालच्या सेमोग कंपनीचा ब्रश पण असाच. लोकांना बॅजर म्हणजे भारी आणि डुक्कर म्हणजे हलकं वाटतं, म्हणून हे ब्रश अजून स्वस्तात मिळतात. कुणाला धीर नाही रे, आठवडाभर वापरतात आणि टाकून देतात.

घोड्याच्या केसांचं तुझं तुणतुणं अजून चालू असेलच. पहिल्या महायुद्धात तसल्या ब्रशमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला हे खरं, मी कधीच नाकारलं नाही. पण ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते म्हणून. स्पेनमध्ये आजही घोड्याच्या केसांचे छान ब्रश बनतात, आयाळ-शेपटीचे केस कापून घेतात, जनावर मारावं लागत नाही. यात तू हरलायस, मान्य कर.

तर अडचण अशी की निनाद रोज सकाळी दारात उभा राहून विचारतो, "बाबा, कसाय?" चेहरा बघवत नाही त्याचा. खोटं बोलायचं नाही, मन मोडायचं नाही. ओमेगा कपाटात ठेवला तर मला करमत नाही, बाहेर ठेवला तर त्याला दिसतो. रविवारी क्रीम आणून बॅजर आणि इतर दिवशी ओमेगा, असं त्याला सरळ सांगितलं तर? की पहिल्या पगाराच्या वस्तूला वारच लावू नये? अप्पांना तू ते घड्याळ दिलंस तेव्हा ते काय म्हणाले होते, आठवून लिही.

नातीचं बारसं झालं ना? फोटो पाठव. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला.

आणि तुझा तो ब्रश टाक आता, चिपळूणच्या पावसात कुठलाही केसाळ ब्रश वाळत नाही, कुबट वास मारणारच. तुला याकी कंपनीचा २४ मिलिमीटर झुपक्याचा सिंथेटिक ब्रश पाठवतोय. भिजवायची भानगड नाही, झटकला की थोड्या वेळात कोरडा, पैसेही फार नाहीत. फक्त बंद कपाटात कोंबू नकोस. पत्ता जुनाच ना? लगेच कळव, आणि निनादला काय सांगू तेही.

तुझा,
विन्या