माझ्या पावलापुढे बूट ठेवणाऱ्या दादांना

बँकेच्या दारावरचे वॉचमन दादा,

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. हे पत्र सूनबाई टाइप करतेय, कारण माझं अक्षर आता मुंगीएवढं झालंय.

नोव्हेंबर होता, हयातीचा दाखला द्यायला आलो होतो. आठच्या गोळीचा असर साडेअकरापर्यंत ओसरतो, आणि नेमका तेव्हाच तुमच्या काचेच्या दारात अडकलो. पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली, तरी हे अडकणं कुणाला पटवून देता येत नाही. मन म्हणतं चल, अंग पुढे झुकतं, आणि तळवे मात्र डिंकाने चिकटवल्यासारखे फरशीलाच. मागून "आजोबा, चला की" सुरू झालं. एका गृहस्थांनी दंड धरून ओढलं. ओढलं की धड पुढे जातं, पाय तिथेच राहतात. मागच्या वर्षी एका कार्यालयात असाच तोंडावर आपटलो होतो. तिथेच सही जुळत नाही म्हणून तीन खेपा घालायला लावल्या आणि वर "सकाळीच घेतलीय वाटतं" असंही कुणीतरी म्हणालं. जन्मात दारूला शिवलेलो नाही मी. ते शब्द अजून टोचतात.

तुम्ही मला हात लावला नाहीत. "साहेब, सोडा त्यांना," म्हणालात आणि तुमचा काळा बूट माझ्या पावलांपुढे आडवा ठेवलात. "काका, घाई नाही. बुटावरून पाय टाका." त्या बुटाची टोकाची शिवण उसवली होती. तिच्याकडे बघत उजवा पाय उचलला, आणि तो उचलला गेला! मागोमाग डावाही आला.

सपाट फरशीवर अडणारा मी बँकेच्या पायऱ्या मात्र सरळ चढून आलो होतो. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडते, पण समोर ओलांडायला काही दिसलं की पाय दुसऱ्या वाटेने हलतात, असं डॉक्टर सांगतात. गावच्या घरी उंबरठ्यावर मी कधीच अडकत नाही, ते यामुळेच. हे तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं तर एवढंच म्हणालात, "सासऱ्यांना हेच होतं."

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं, तेव्हा त्यांच्या सहा रुग्णांपैकी काही त्यांना रस्त्यातच दिसलेले होते. त्यांनी थांबून नीट बघितलं. तुम्हीही तेच केलंत दादा, बारा तासांच्या ड्यूटीत, उभ्या उभ्या. अशी माणसं भेटली की घराबाहेर पडायचा धीर येतो.

त्याच संध्याकाळी हिने मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पिवळी पट्टी चिकटवली. काल रात्री दोनदा उठलो, दोन्ही वेळा कुणाला हाक मारावी लागली नाही.

पासबुक भरायला येईन, तेव्हा नाव नक्की विचारीन.

तुमचा,
दारात अडकलेला काका