अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट आणि पहिली नोकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटी क्षेत्रातील शिक्षण आणि पदवीनंतरची नोकरी या विषयावर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. परंतु त्यातील बहुतांश मजकूर सध्या कोणती प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, कोणत्या कोर्सला मागणी आहे आणि पॅकेज किती मिळते, या तीन प्रश्नांभोवतीच फिरत असतो. सॉफ्टवेअरच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम वाट्याला आल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, पदवीधरांचे घोडे जिथे अडते ती जागा या तिन्ही प्रश्नांच्या बाहेर आहे. महाविद्यालयात विद्यार्थी कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहायला शिकतो. नोकरीत मात्र त्याच्या पुढ्यात येतो तो अनेकांच्या हातून, अनेक वर्षांत वाढत गेलेला कोड, ज्याचे मूळ लेखक बहुधा केव्हाच दुसरीकडे निघून गेलेले असतात. हा कोड वाचणे, त्यातला बिघाड शोधणे आणि बाकी काहीही न मोडता त्यात एखादा बदल करणे, हेच पहिल्या दोन-तीन वर्षांतले खरे काम असते. त्याची परीक्षा पदवीच्या संपूर्ण अभ्यासक्रमात सहसा एकदाही होत नाही.

भाषेचा प्रश्न आधी निकालात काढते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली, पायथॉन १९९१ मध्ये आणि जावा १९९५ मध्ये आली, तर ज्या रिलेशनल पद्धतीवर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, आजचे बहुसंख्य डेटाबेस उभे आहेत ती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. यांपैकी काहीही अडगळीत गेलेले नाही. एक भाषा मन लावून शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसरी आत्मसात करायला फार वेळ लागत नाही, आणि पाच भाषांची फक्त तोंडओळख असलेल्याला मुलाखतीत पाचव्या मिनिटाला घाम फुटतो. रेझ्युमेवर भाषांची लांबलचक यादी दिसली की मुलाखत घेणारा सुखावत नाही, उलट सावध होतो, हे विद्यार्थ्यांना कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आम्ही मुलाखतीत उमेदवाराला कधी कधी एक छोटा, व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम देतो. डेटाबेसमधून ऑर्डरची यादी आणायची आणि प्रत्येक ऑर्डरसमोर ग्राहकाचे नाव दाखवायचे, एवढेच तो करतो. त्यात आधी एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला केलेल्या एका विचारणेने, सगळ्या ऑर्डर आणल्या आहेत आणि मग लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, प्रत्येक ऑर्डरसाठी ग्राहकाच्या नावाची वेगळी क्वेरी मारली आहे. दहा ऑर्डरवर हा प्रोग्रॅम झटकन चालतो, कारण क्वेरी अकराच होतात. दहा हजार ऑर्डरवर त्या १०,००१ होतात, आणि प्रत्येकीला दोन मिलिसेकंद धरले तरी पडदा वीस सेकंद तसाच अडकून राहतो. ‘हे पान सकाळी बरे चालते आणि महिनाअखेरीला बसते, अशी तक्रार आली आहे, तर कुठे पाहाल?’ एवढाच आमचा प्रश्न असतो. उत्तर दुसऱ्या वर्षीच शिकवलेल्या ‘जॉइन’मध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडून सगळी माहिती एकाच क्वेरीत आणण्याच्या पद्धतीत, आहे. जॉइनची व्याख्या बहुतेकांना पाठ असते, चार प्रकारही न अडखळता सांगता येतात. पण समोरच्या कोडमध्ये तो नाही म्हणून पान रखडते आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. या मुलांची बुद्धी कमी पडते असे मला वाटत नाही. दहापेक्षा जास्त नोंदींवर आपला प्रोग्रॅम चालवून पाहण्याची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे आहे. ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, मात्र ती श, हलन्त, र, दीर्घ ईकार, क, ऋकार, ष, हलन्त आणि ण अशी नऊ चिन्हे होतात, आणि ही चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (साठवणीची लहान एकके) लागत असल्याने संपूर्ण नाव २७ बाइटचे होते. कोणीतरी कधीकाळी इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून फाइलमधल्या नावाच्या रकान्याला वीस बाइटची मर्यादा घातली असेल, तर हे नाव सातव्या चिन्हाच्या पोटातच कापले जाते आणि ‘श्रीकृ’च्या पुढे एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. असा बिघाड मी प्रत्यक्ष कामात पाहिला आहे. तो शोधायला कोणतीही नवी भाषा किंवा महागडा कोर्स लागत नाही. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि साठवलेला बाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या वर्षाचे ज्ञान योग्य वेळी आठवावे लागते.

ही सवय लावण्याची उत्तम जागा अभ्यासक्रमात आधीपासूनच आहे, ती म्हणजे अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट. दुर्दैवाने त्याचे काय झाले आहे हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, हजेरीची नोंद हे विषय दरवर्षी नव्याने ‘सुरू’ होतात, अर्धे काम इंटरनेटवरून उतरवले जाते, काही ठिकाणी तर आख्खा प्रोजेक्ट अहवालासकट विकत मिळतो, आणि तोंडी परीक्षा संपली की तो कायमचा धूळ खात पडतो. (अहवालाच्या बाइंडिंगबाबत जेवढा काटेकोरपणा दाखवला जातो, त्याच्या निम्मा जरी टेस्टिंगबाबत दाखवला गेला तरी हे पत्र लिहिण्याची गरज उरली नसती.) माझी सूचना अशी आहे की, दरवर्षी नवा प्रोजेक्ट सुरू करण्याऐवजी आधीच्या तुकडीचा प्रोजेक्ट पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावा. पहिल्या महिन्यात त्यांनी एकही नवी ओळ लिहू नये. आधीच्यांनी ठेवलेल्या सूचना वाचून तो प्रोजेक्ट आपल्या संगणकावर चालू करावा, कोणता भाग काय करतो याची टिपणे काढावीत आणि सापडलेल्या बिघाडांची नोंद करावी. सूचना अपुऱ्या असतील, तर तिथेच त्यांना कळेल की आपण मागे ठेवणार असलेल्या सूचना कशा असायला हव्यात. त्यानंतर बदल करावेत, प्रत्येक बदलासोबत त्याची चाचणी लिहावी, आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने एखादा लहानसा बदल तिथल्या तिथे करायला सांगावा. विकत घेतलेल्या प्रोजेक्टचा धंदा यातून आपोआप बसेल, कारण वर्षभराच्या नोंदी कोणी विकत देऊ शकत नाही.

या नोंदी ठेवण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या विकासकामासाठी ‘गिट’ तयार केले. आज क्वचितच एखादी सॉफ्टवेअर कंपनी त्यावाचून किंवा त्यासारख्या दुसऱ्या साधनावाचून काम करत असेल. कोणी, कधी, कोणती ओळ का बदलली याचा पूर्ण इतिहास त्यात राहतो. असे असताना अनेक पदवीधर अजूनही ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचा’ अशा नावांच्या झिप फाइली सांभाळत बसलेले दिसतात. ज्याच्या प्रोजेक्टमध्ये आठ महिन्यांच्या बारीकसारीक बदलांचा इतिहास आहे तो, आणि ज्याने सगळा कोड जमा करण्याच्या आदल्या रात्री एकदम चढवला आहे तो, या दोघांत निवड करताना मुलाखत घेणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही.

प्राध्यापकांवर कामाचा बोजा आधीच जास्त आहे आणि दुसऱ्याचा सदोष कोड विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारणे अन्यायाचे आहे, असे दोन आक्षेप यावर येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप गंभीर आहे. परंतु दरवर्षी नव्याने निघणारे तेच ते विषय मंजूर करत बसण्यापेक्षा चालत आलेल्या आठ-दहा प्रोजेक्टवर लक्ष ठेवणे प्राध्यापकांनाही सोपे जाईल. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर एवढेच की, नोकरीत निर्दोष कोड कोणालाही मिळत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. फ्रेशरला शिकण्यासाठी म्हणून जी साधी कामे पूर्वी दिली जात, म्हणजे एखादा फॉर्म बनवणे, एखादा अहवाल काढणे, त्यांचा पहिला मसुदा आता अशी साधने काही क्षणांत देतात. तो मसुदा बहुतेक वेळा बरोबर दिसतो आणि कधी कधी आत्मविश्वासाने चुकलेला असतो. वर सांगितलेली लूपमधली क्वेरीही त्यात सहज सापडू शकते. तेव्हा कोड लिहिण्यापेक्षा तो तपासणाऱ्याला आता जास्त महत्त्व येणार, आणि न वाचता तो चिकटवणाऱ्याची गरज कोणालाच उरणार नाही. या साधनांवर परीक्षेत सरसकट बंदी घालण्यापेक्षा त्यांनी दिलेल्या उत्तरातील चुका शोधण्याचा प्रश्न परीक्षेत ठेवला, तर ते अधिक उपयोगाचे ठरेल.

कोडिंग नाही म्हणून टेस्टिंगची किंवा सपोर्टची नोकरी नाकारणाऱ्या मुलांबद्दल आणि त्यांना तसा सल्ला देणाऱ्या पालकांबद्दल मला विशेष लिहायचे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली, रुग्णालयांची कामे अडली. त्यामागचे कारण कंपनीने स्वतःच नंतर प्रसिद्ध केले. प्रोग्रॅमला २० मूल्ये मिळतील असे धरले होते आणि नव्या फाइलमध्ये २१ व्या मूल्याचा वापर होता. ते वाचायला गेलेला प्रोग्रॅम मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि कोसळला. अ‍ॅरेची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीची, हद्द ओलांडू नये, हा पहिल्या सत्रातला धडा आहे. ही चूक पकडण्याचे काम टेस्टिंगचे होते. जो विभाग एवढे मोठे संकट टाळू शकतो, त्यातल्या नोकरीला दुय्यम समजण्याचे कारण मला तरी दिसत नाही. शिवाय सपोर्टमध्ये बसलेल्या माणसाला लोक सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसे वापरतात आणि कुठे वैतागतात हे रोज ऐकायला मिळते; दोन वर्षांनी कोडिंगकडे वळलेली अशी माणसे इतरांपेक्षा सरस ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

ज्यांची पदवी हातात आहे आणि नोकरी नाही, त्यांनी कोर्सामागून कोर्स करत राहण्याआधी थोडे थांबावे. प्रमाणपत्रे निरुपयोगी नसतात. पण ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची किंवा सिस्कोच्या सीसीएनएसारखी (संगणक-नेटवर्कची) प्रमाणपत्रे तीन वर्षांनी कालबाह्य होतात, त्यामुळे ती अशा वेळी घ्यावीत जेव्हा त्या विषयाचे काम मिळण्याची शक्यता समोर दिसत असेल. त्यापेक्षा आपण रोज वापरतो असे एखादे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो असे, सॉफ्टवेअर निवडावे, त्याच्या बिघाडांची जाहीर यादी उघडावी आणि त्यातला एक बिघाड आपल्या संगणकावर हुबेहूब घडवून दाखवावा. तो दुरुस्त करता आला तर उत्तमच, नाही आला तरी ‘या आवृत्तीत, या पायऱ्यांनी बिघाड होतो’ अशी नेमकी नोंद करणे हेही मान्यताप्राप्त योगदान असते. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात निवड झालेल्यांना मानधन आणि अनुभवी मार्गदर्शक मिळतो, आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही, हे अनेक पदवीधरांना माहीतच नसते. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे मात्र ढुंकूनही पाहू नये, मग तो त्याला अनामत म्हणो वा प्रशिक्षण शुल्क.

कंपन्यांनाही या प्रकरणात नामानिराळे राहता येणार नाही. ‘फ्रेशर हवेत’ अशा जाहिरातीखाली दोन वर्षांच्या अनुभवाची अट घालणे, कामाशी संबंध नसलेली कोडी घालून उमेदवार गाळणे आणि ऑफर लेटर देऊन रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने लांबवणे, हे प्रकार सर्रास चालतात. या शेवटच्या प्रकाराने मुलांचे सर्वाधिक नुकसान होते, कारण हातात पत्र असल्यामुळे ती दुसरीकडे अर्जही करत नाहीत.

शेवटी आपल्याला एक विनंती. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालये ‘सर्वाधिक पॅकेज’चा एकच आकडा ठळक टाइपात पुढे करतात, आणि तो बातमी म्हणूनही छापला जातो. शंभरातल्या एका मुलाला मिळालेल्या पगारावरून उरलेल्या नव्व्याण्णवांच्या पालकांना काहीच कळत नाही. अशी बातमी छापण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींनी महाविद्यालयाकडून चार आकडे मागावेत: अंतिम वर्षात विद्यार्थी किती होते, त्यांपैकी किती जणांना नोकरीचे पत्र मिळाले, किती जण सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष रुजू झाले, आणि रुजू झालेल्यांच्या पगारांचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, किती. जे महाविद्यालय हे आकडे देणार नाही, त्याच्या बातमीत ‘आकडे देण्यास नकार दिला’ एवढे एक वाक्य जोडावे.

आपली,
एक वाचक