लाल लाईट लागतोय तर आधी प्रेशर मोज

सातारा
रविवार रात्र

प्रिय मन्या,

फोनवर तू घाईत होतास, नीट बोलणं झालं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायलाच बसलो. ऑइलचा लाल लाईट लागतोय, गॅरेजवाला म्हणतोय इंजिन बांधायला लागेल, आणि तू तशीच गाडी रोज मिरजेला नेतोयस. ते आधी बंद कर बाबा. हा लाईट ऑइल किती आहे ते सांगत नाही, तो प्रेशरचा आहे, आणि बहुतेक गाड्यांत प्रेशर साधारण अर्ध्या किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो) खाली गेल्यावरच तो लागतो. म्हणजे तो पेटला तेव्हा बेअरिंगला ऑइल पुरत नाहीये असंच धरायचं. गाडी बाजूला घ्यायची, चावी बंद, पट्टी काढून लेव्हल बघायची, आणि लेव्हल बरोबर असूनही लाईट जात नसेल तर टोइंग. खरंच सांगतोय, टोइंगचे पैसे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) खर्चापुढे काहीच नाहीत.

माझ्या गाडीचं तुला अर्धवटच माहितीये. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की वरच्या टप्प्यात लाईट लुकलुकायचा, थांबून थोडा वेळ बंद ठेवली की परत चालू केल्यावर काहीच नाही, साताऱ्यापर्यंत गप्प. ऑइलची लेव्हल बरोबर. एका ठिकाणी लाईट लावणारा प्रेशरचा स्विच बदलला, काही दिवस बरं वाटलं आणि परत तेच. दुसरीकडे म्हणाले जाड ऑइल टाका, लाईट जाईल. मी टाकलं नाही, कारण जाड ऑइलने आकडा वर दिसतो पण गार इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मूळ कारण आहे तिथंच राहतं. तिसऱ्याने तर थेट बेअरिंग गेलीत म्हणून कामाचा अंदाजच काढून दिला, काही न मोजता!

मग नाक्यावरच्या अण्णांकडे नेली. त्यांनी आधी स्विचची वायर काढून चावी ऑन केली, लाईट विझला, वायर बॉडीला टेकवली, लाईट लागला, म्हणजे वायर कुठं घासून बॉडीला शॉर्ट होत नाहीये हे कळालं (हे तुलाही करता येईल, तुझ्या गाडीला एकाच वायरचा जुना स्विच आहे). मग स्विच काढून त्याच आट्यात काट्याचं प्रेशर गेज बसवलं आणि इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालू ठेवलं. आयडलला, म्हणजे रेस न देता, काटा सव्वा किलोच्या आसपास, ठीकच. पण रेस देऊन तीन हजार आरपीएमवर धरून ठेवली तर आधी वर गेला आणि मग हळूहळू खाली यायला लागला, खाली, आणखी खाली. अण्णांनी इंजिन बंद केलं, चहा सांगितला, चहा पिऊन परत चालू केलं तर काटा पुन्हा जागेवर.

मन्या, सगळं निदान इथंच झालं. बेअरिंग किंवा पंप झिजला असता तर गरम आयडलला प्रेशर पडलं असतं आणि रेस केल्यावर वर आलं असतं. आमच्याकडे बरोबर उलटं. तुमच्या विहिरीवरच्या मोटरच्या फूटव्हॉल्व्हला पाला बसतो ना तसंच, इंजिनातला पंप ऑइल जोरात ओढतो तेव्हा कचरा त्याच्या तोंडाच्या जाळीला चिकटतो आणि ओढ थांबली की सुटून खाली पडतो.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवलं. जाळीवर काळा गाळ तर होताच, पण त्यात सांधा बंद करायच्या सिलिकॉनचे तुकडे, रबरासारखे! आधी कधीतरी चेंबर बसवताना कुणीतरी सिलिकॉनचा जाड थर दिला होता, जास्तीचं आतल्या बाजूला आलं आणि सुटून जाळीत गेलं. अशा हलगर्जीपणाने चांगली इंजिनं मरतात, मला फार चीड आली. अण्णांनी जाळी नवी, सक्शन पाइपची ओ-रिंगही (सांध्यातली रबरी रिंग) नवी टाकली, कारण ती कडक झाली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि तेव्हाही लाईट लागतो. चेंबर घासून धुतलं, पण इंजिनात डिझेल टाकून फ्लश करू दिलं नाही, जुना गाळ सुटून परत जाळीतच बसतो म्हणाले. सिलिकॉनची बारीक रेघ, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर, आणि पुढचा बदल हजार किलोमीटरलाच. परत गेज लावून दाखवलं, तीन हजारावर साडेतीन किलो आणि काटा हललाच नाही. त्यानंतर भर उन्हात, गाडी भरून खंबाटकी चढलोय, लाईट नाही.

आता तुझं. तू म्हणालास सिग्नलला लागतो आणि रेस केली की जातो. हे माझ्यापेक्षा वेगळं आहे, पंप किंवा बेअरिंग असू शकेल, तुझा गॅरेजवाला कदाचित बरोबरही असेल. पण साधा स्विचही गरम झाल्यावर असंच करू शकतो, आणि मागच्या वेळी ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकलं तेही तुला माहीत नाही. गेजचा आकडा बघितल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नकोस. तिथं कुणाकडे गेज नसेल तर अण्णांचं मागून ठेवलंय, पुढच्या शनिवारी मी सांगलीला येतोय, येताना घेऊन येतो. तोवर मिरजेला एसटीने जा. बिल सापडलं तर ऑइलचा ग्रेड मला मेसेज कर, आणि लाईट गार इंजिनावर लागतो का तेही, फक्त सकाळी चालू करताना बघ, चालवू नकोस.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग जेवायलाच येणार आहे.

तुझाच,
सुध्या