संकष्टीला कुलाब्याचा गणपती

ती. आई आणि अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

‘नुसतं पाणी बघायला एवढ्या लांब कशाला?’ म्हणून अण्णांनी फोनवर विषय तोडला, म्हणून हे पत्र. अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड अशी सहल मी करून आले. पुढच्या बॅचमध्ये तुम्हा दोघांची नावं घालायचीत.

काशीच्या वेळची ती बस मनातून काढून टाका. पन्नास माणसं, शिट्टी फुंकणारा मॅनेजर, दर्शनाला पंधरा मिनिटं. इथं आम्ही जेमतेम डझनभर होतो आणि गाईड तिथलाच पोरगा. कुणी दमून दगडावर टेकलं की तोही टेकायचा, आणि पुढची गोष्ट तिथूनच सुरू.

आई, कुलाबा किल्ल्यापाशी तू हवी होतीस. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातच आहे तो. ओहोटीला चालत जायचं, भरतीला होडीनं. गाईडनं विचारलं, ‘आज तिथी कोणती?’ झालं, सगळ्यांनी मोबाइल काढले! तिकडं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. तिथी तुझ्या तोंडावर, पाऊणकी अण्णांच्या. गाईडला तुम्ही काही विचारूच दिलं नसतं. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, आणि चहूकडं खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर.

अण्णा, तुमच्यासाठी चौल. आज नारळी-पोफळीत झाकलेलं गाव, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक पुस्तकात कल्याणच्या पुढं त्याचं नाव येतं. त्याच पुस्तकात आपलं तेर आहे, ‘तगर’ म्हणून. तेरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरावर जायचं. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली आल्यागेल्याला दाखवून, तशीच इटलीत पाँपेईला सापडली म्हणून तुम्हीच सांगता ना? आपल्या गावचा माल ज्या दर्यावरून गेला तो दर्या तुम्ही एकदाही बघू नये, हे काही मला पटत नाही. गाईडला तगर ठाऊक नव्हतं. मी सांगितलं थोडं, पण तुमच्यासारखं जमलं नाही.

खाडीपलीकडं कोर्लई. पोर्तुगीज 1740 साली गेले, तरी तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून चालते. एक आजी नातवाला त्या बोलीत झापत होत्या आणि आमच्याशी मराठीत हसून बोलत होत्या.

जंजिऱ्याला मात्र तुम्ही उतरू नका. राजपुरीहून आम्ही शिडाच्या होडीनं गेलो, पण दरवाज्याशी ती हलत असतानाच पायरीवर पाय टाकावा लागला. अण्णांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. काठावरून बघा, किल्ला केवढा आहे ते तिथूनच कळतं.

आई, गळ्यातल्या तुळशीच्या माळेची काळजी नको, शाकाहारी जेवण मिळतं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी असं घरगुती ताट सांगून ठेवता येतं. ज्वारीची भाकरी विसरा. अण्णा दुसऱ्याच दिवशी कुरकुरणार, हे मी धरून चाललेय.

कार्तिकीची वारी करून आलात की आठवड्याभरानं संकष्टी. त्या सकाळी कुलाब्यात चालत जाता येईल अशीच बॅच मी विचारून ठेवलीय. मी लातूरहून मुंबईच्या गाडीत बसते, तुम्ही धाराशिवला चढा. खालचे बर्थ मिळायला हवेत, तेव्हा आधार कार्डांचे फोटो दोन दिवसांत पाठवा.

तुमची,
लेक